एकहाती

पन्नाशी उलटली तरी सगळी गल्ली त्यांना छोटेच म्हणायची, कारण मोठे हयात होते. दोघा भावांत बारा वर्षांचं अंतर. वडील गेले तेव्हा छोटे शाळेत जात होते आणि मोठ्यांच्या हातात बेकरीच्या किल्ल्या आल्या होत्या. तेव्हापासून मोठे भट्टीवर आणि छोटे, शाळा संपल्यावर, काउंटरवर. मोठ्यांचं तोंड गिऱ्हाइकांना क्वचितच दिसायचं, आणि दिसलं तरी पिठाने इतकं पांढरं झालेलं असायचं की तेच रस्त्यात भेटले तर कुणी ओळखायचं नाही. छोट्यांचं मात्र उलट. भांडायला आलेली बाईसुद्धा जाताना दोन बन जास्तीचे घेऊन, वर हसून जायची.

रस्त्याच्या टोकाला मोठं सुपरमार्केट उघडलं आणि वर्षभरात बेकरीची रया गेली. तिथला पाव कापलेला, पिशवीत घातलेला, आठवडाभर मऊ राहणारा. मोठे तो एकदा विकत घेऊन आले, चावले आणि म्हणाले, "हा मरतच नाही, म्हणजे हा कधी जिवंतच नव्हता." विनोद चांगला होता, पण त्या दिवशी पन्नास पाव उरले होते.

अशातच एका मोठ्या बेकरी कंपनीचा एरिया मॅनेजर आला. तरुण, गोड बोलणारा. दुकानात चौफेर नजर फिरवून म्हणाला, "जागा लाखात एक आहे तुमची. फक्त आत दुकान चुकीचं आहे." कंपनीची फ्रँचायझी घ्यायची. पाटी कंपनीची, ओव्हन कंपनीचं, मालही कंपनीचाच. गोठवलेले, घडवून तयार केलेले गोळे ट्रकमधून येणार. "तुम्ही फक्त भाजायचं आणि हसायचं," तो म्हणाला. छोट्यांना हसता येत होतं. त्यांनी मोठ्यांकडे पाहिलं.

करार एकाच माणसाच्या नावावर होणार होता. मोठे म्हणाले, "तुझंच घाल. मला कुठे त्या साहेबांशी बोलता येतंय?" एवढ्यावर तो विषय मिटला. चार मजूर दोन दिवस जुनी भट्टी फोडत होते. मोठे त्यांना चहा नेऊन देत होते आणि कुठली वीट आधी काढली तर वरची कमान अंगावर येणार नाही, ते सांगत होते.

कंपनीने दोघांना मरून रंगाच्या टोप्या दिल्या आणि छातीवर लावायला बिल्ले. त्यावर लिहिलेलं, 'मी आपली काय सेवा करू?' मोठ्यांनी आरशात पाहिलं. "छोट्या, छातीवर प्रश्न लिहिलाय. उत्तर कुठे लिहायचं, पाठीवर?" दोघं पोट धरून हसले. दुकान चालायला लागलं. खरंच चालायला लागलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. कॉलेजची पोरं येऊन बसायची, एसीत गप्पा मारायची, दुपारी रांग लागायची.

मोठ्यांना काम म्हणून काही उरलं नव्हतं. गोळे ट्रेमध्ये मांडायचे, दार लावायचं, बटण दाबायचं, मशीन ओरडलं की काढायचे. चाळीस वर्षं पिठात हात घातलेला माणूस दिवसभर हात पुसत बसायचा.

त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त बाई होत्या. शाळेत शिकवायच्या. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता आणि ते दुसरं काही गिळेनात. मोठ्यांच्या जाड पापुद्र्याच्या पावाचा तुकडा दुधात भिजवून दिला तर तेवढा खायचे. बाई एक दिवस मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. काही मागितलं नाही, नुसतं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मोठे तासभर आधी यायला लागले. घरून डब्यात खमीर आणायचे, स्वतःच्या पैशाचं पीठ, आणि कंपनीच्या ओव्हनमध्ये सहा पाव भाजायचे. एक बाईंना, चार अशाच जुन्या माणसांना, मागच्या दाराने.

सहावा छोट्यांसाठी.

छोट्यांना पहिल्याच दिवशी वासावरून कळलं होतं. "दादा, हे करारात बसत नाही."

"मग खाऊ नकोस."

त्यांनी खाल्ला. रोज खाल्ला. दुकान उघडण्याआधी चहात बुडवून, उभ्या उभ्या, भावाशेजारी. सव्वा वर्ष. त्या दहा मिनिटांत दोघं फारसं बोलायचे नाहीत, पण दिवसातलं तेवढंच काय ते खाल्ल्यासारखं वाटायचं.

मग कंपनीची तपासनीस गिऱ्हाईक होऊन आली. हातात जाळीची पिशवी, बोलायला लाघवी. बाहेर बाईंशी गप्पा मारता मारता तिने विचारलं, हा पाव कुठला हो, किती छान दिसतोय. बाईंनी कौतुकाने सगळं सांगितलं. आठ दिवसांनी पत्र आलं. करारभंग. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर पाटी उतरवू आणि मशिनं घेऊन जाऊ.

छोटे कंपनीच्या ऑफिसात गेले. सातवा मजला, गार काचा, पाण्याच्या छोट्या बाटल्या. साहेब चांगला होता, तेच वाईट झालं. ओरडला असता तर कदाचित छोटेही ओरडले असते. साहेबाने हळू आवाजात सांगितलं, "तुमच्यासारखा माणूस आम्हाला गमवायचा नाही. मार्ग आहे." आणि कागद पुढे सरकवला. छापून तयार होता. सदर प्रकार माझ्या नकळत घडला असून संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे.

छोट्यांनी तो तीनदा वाचला. मनाशी हिशेब मांडला: दुकान गेलं तर दोन्ही घरं उघड्यावर येतील. दादाचे गुडघे तसेही दुखतात. घरी बसेल, आराम करेल, आपण सगळं बघू. असं सगळं नीट जुळवून त्यांनी सही केली. बाटलीतलं पाणी घटाघटा प्याले.

त्याच कागदाच्या प्रतीवर मोठ्यांची सही लागणार होती, मिळाल्याची. मोठे वाचताना ओळीखालून बोट फिरवायचे. बोट चालत चालत एका शब्दाशी थांबलं.

"नकळत?"

"तसं लिहावं लागतं दादा. नुसतं लिहायचं असतं ते. त्याला काही अर्थ नसतो."

मोठ्यांनी मान वर केली नाही. छोट्यांना वाटलं आता शिवी येईल, निदान एक तरी. लहानपणी पीठ सांडलं म्हणून याच हाताची थप्पड खाल्ली होती, ती आज आली असती तर बरं झालं असतं. मोठ्यांनी सही केली, बिल्ला काढला, टोपी काढून तिच्या आतला घाम रुमालाने पुसला आणि विचारलं, "ही परत द्यायची असते का?"

"हो."

ती काउंटरवर ठेवून ते मागच्या दाराने गेले.

दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला छोटे पुन्हा पाकीट घेऊन भावाच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं, पण दारातून बाजूला झाल्या नाहीत. "भाऊजी, पैसे नकोत. आणि तुम्ही येत जाऊ नका, एवढी मेहरबानी करा. मागच्या वेळी तुम्ही येऊन गेलात, हे दोन दिवस जेवले नाहीत." आतून मोठ्यांचा खोकला ऐकू येत होता. छोटे जिना उतरून खाली आले आणि कोपऱ्यावर बराच वेळ उभे राहिले. पुढे कुणाकडून तरी कळलं, की मोठे इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागलेत. बासष्ट वर्षांच्या बेकरला दुसरं कोण कामावर घेणार?

छोट्यांचं मात्र सुसाट निघालं. दुसरं दुकान बसस्टँडसमोर, तिसरं नव्या वसाहतीत. कंपनीने त्यांना यशोगाथेसाठी निवडलं. कॅमेरा घेऊन एक मुलगी आली, दोन दिवस राहिली. तिने विचारलं, "तुम्ही हे सगळं शिकलात कुणाकडून?" आणि छोट्यांचा बांध फुटला. वीस मिनिटं ते मोठ्यांबद्दल बोलत राहिले. वडील गेल्यावर दादाने आपली शाळा कशी पुरी केली, पिठाला बोट लावून ते तयार झालं की नाही हे कसं ओळखायचा, आणि मग तो कागद, ती सही, सगळं. शेवटी रडले. कॅमेऱ्यामागे ती पोरगीही रडली.

फिल्म चार मिनिटांची झाली. नाव होतं 'एकहाती'. त्यात मोठे नव्हते.

छोट्यांनी फोन केला. पोरगी ओशाळून म्हणाली, "सर, मी ठेवलं होतं, शप्पथ. वरून काढायला लावलं. गोष्ट एकाच माणसाची पाहिजे म्हणाले, दोन माणसं आली की बघणारा गोंधळतो."

कंपनीच्या मेळाव्यात पाचशे माणसांसमोर ती दाखवली. दिवे लागले, छोट्यांना स्टेजवर बोलावलं, कुणीही करू शकतं असं ते माइकवर म्हणाले, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. खोटं कशाला सांगा, बरं वाटलं. छातीत काहीतरी फुगल्यासारखं झालं. तेवढं एक मिनिट त्यांना भाऊ आठवला नाही. नंतर हात धुताना आठवला, आणि मग रात्रभर तोच.

दोन महिन्यांनी चिंगी दुकानात आली. चिंगी म्हणजे मोठ्यांची एकुलती एक मुलगी. तिशी पार केलेली, पण छोट्यांच्या खांद्यावर बसून लहानाची मोठी झाली म्हणून अजून चिंगीच. सव्वादोन वर्षांनी पाहिलं त्यांनी तिला. टेबलापाशी बसली, कॉफी नको म्हणाली.

"काका, तुझी फिल्म बघितली, स्टेजवरच्या भाषणासकट. दहा वेळा तरी बघितली असेल."

"त्यात दादाला..."

"असू दे. मी भांडायला नाही आले." तिने पर्समधून कंपनीचं माहितीपत्रक काढलं. त्याच्या पहिल्याच पानावर छोटे हात बांधून हसत होते. "माझी कंपनी बंद पडली, चार महिने घरी आहे. ह्यांच्या एकट्याच्या पगारात भागत नाही. मी फ्रँचायझी घेतेय. नव्या वसाहतीच्या मोठ्या चौकात जागा दाखवलीय त्यांनी. फक्त तू एकदा सांग, खरं सांग. घेऊ ना?"

छोट्यांनी पत्रक उलटं करून ठेवलं. "नको घेऊस."

"का?"

"माझं पहिलं दुकान चालतं कारण जागा आजोबांची आहे, भाडं नाही. बाकीची दोन त्याच्यावर जगतात. दुपारी काउंटरला माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून तुझी काकू बसते तिकडे, पाठीला पट्टा लावून. कंपनी दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन काढते, कधी खुर्च्या बदला, कधी कप बदला. आणि तो चौक माझ्या तिसऱ्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे, चिंगे. त्यांना माहीत आहे ते. तरी तुला देतायत."

चिंगी ऐकत होती. 'माझ्या तिसऱ्या दुकानापासून' हे ऐकून तिचा चेहरा बदलला. छोट्यांना आपली चूक कळली, पण शब्द तोंडातून गेला होता.

"अच्छा. म्हणजे तसं आहे होय."

"तसं नाही गं. मी तुझ्या भल्यासाठी..."

"मग स्टेजवर का नाही बोललात हे?" चिंगी उठली. 'तू'चं 'तुम्ही' झालेलं तिच्या लक्षातही आलं नसेल. छोट्यांच्या काळजात मात्र ते रुतलं. "तिथे पाचशे लोकांना सांगितलंत, कुणीही करू शकतं. मी विचारलं की नको. आधी बाबा अडचणीचे झाले, आता मी. तुम्हाला आमच्यातलं कुणीच शेजारी नको असतं का हो, काका?"

ती गेल्यावर छोट्यांनी टोपी काढली आणि वहिनींनी घातलेली बंदी मोडून सरळ भावाच्या घरी गेले. मोठे नुकतेच इस्पितळातून आले होते. हात साबणाने सोललेले, बोटांच्या पेरांना चिरा. त्यांनी भावाला आत घेतलं, खुर्ची दिली.

"दादा, तिला थांबव. तू सांगितलंस तर ऐकेल."

"माझं का ऐकेल? तुला तिनं स्टेजवर बघितलंय. मला भांडी घासताना बघितलंय."

"बुडेल रे ती."

"बुडेल की तरेल, मला काय कळतंय त्यातलं? तुझं तर चाललंय." हे मोठे टोमणा म्हणून बोलले नव्हते. खरंच तसं वाटत होतं त्यांना. "घर तारण ठेवलंय तिच्यासाठी. परवाच सही केली. या वेळी आधी सगळं वाचलं, अक्षर न् अक्षर."

वहिनींनी आतून चहा आणला. तो प्यायल्याशिवाय उठता येईना.

चौकातलं दुकान थाटात उघडलं. चौथ्या दिवशी छोटे समोरच्या फुटपाथवरून गेले. काचेच्या आत मोठे उभे होते, मरून रंगाची टोपी घालून. मुलीच्या दुकानात फुकटात राबणारा माणूस म्हणून, चौसष्टाव्या वर्षी. ट्रे सरकवत होते, बटण दाबत होते, आणि एका लहान मुलाला वाकून बन देत होते. छोटे पुढे निघून गेले.

सुरुवातीचे महिने तिच्याकडे रांग होती. ती रांग अर्धीअधिक छोट्यांच्याच तिसऱ्या दुकानातली होती. मग कंपनीने वसाहतीच्या पलीकडच्या टोकाला आणखी एकाला फ्रँचायझी दिली आणि तिघंही एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायला लागले. छोट्यांकडे पहिल्या दुकानाचा टेकू होता. चिंगीकडे बापाच्या घराचा होता, तो कागदावर आधीच खर्च झालेला. चौदाव्या महिन्यात तिने शटर ओढलं. घर गेलं. मोठे आणि वहिनी मुलीच्या दोन खोल्यांत राहायला गेले. मुलगी-जावई एका खोलीत आणि सासू-सासरे दुसरीत, मध्ये पडदा. हे छोट्यांना त्यांच्या बायकोने सांगितलं. ती सामान हलवायला मदत करायला गेली होती. तिला कुणी नको म्हटलं नाही.

आठवड्याच्या आत एरिया मॅनेजरचा फोन आला. चौकातलं दुकान तयार आहे, मशिनं नवी आहेत, तुम्हाला सवलतीत देतो.

"माझ्या पुतणीचं दुकान आहे ते," छोटे म्हणाले.

"होतं," मॅनेजर म्हणाला. आवाज तसाच गोड.

छोट्यांनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, नाही घ्यायचं. बायको पाठीला शेक देत पडली होती. तिने शेकाची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आपण नाही घेतलं तर तिसरा कुणीतरी घेईल, आणि आपलं शेजारचं बंद पाडेल. मग मी या पाठीनं कुठे जाऊ?" तिचं काही चुकत नव्हतं. कुठल्याच वेळी कुणाचंच काही चुकत नव्हतं, ही छोट्यांची सगळ्यात मोठी पंचाईत होती. त्यांनी सही केली.

दुकान सोडणाऱ्याने घेणाऱ्याला मशिनं चालवून दाखवायची, असा कंपनीचा नियम. चिंगी आली नाही. मोठे आले. हातात किल्ल्या आणि सामानाची यादी. छोटे सकाळपासून वाक्यं जुळवत होते, पण समोर भाऊ उभा राहिल्यावर त्यातलं एकच बाहेर आलं.

"दादा, तू इथेच राहा ना."

"कर्मचारी म्हणून?"

"तुला पाहिजे तसं."

मोठ्यांनी खिशातून पेन काढलं. यादीवर एकेक खूण करत गेले. फ्रीझर, दोन टेबलं, अठरा खुर्च्या, एकीचा पाय हलतो. मग ओव्हनपाशी आले, दार उघडून आत बोट दाखवलं.

"तिसऱ्या ट्रेला डावीकडून आच कमी लागते. आठव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा. पुस्तकात लिहिलेलं नाही."

"आठव्या."

"मशीन ओरडत नाही त्यासाठी. आपलं आपण लक्षात ठेवायचं. एकदा करून बघ माझ्यासमोर."

छोट्यांनी गोळे मांडले, दार लावलं. दोघं काचेसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आत पिवळा दिवा, गोळे हळूहळू फुगत होते. आठ मिनिटं म्हणजे फार असतात. माफ कर म्हणायला पुरेशी, न म्हणता उभं राहायलाही पुरेशी. छोट्यांनी दोनदा तोंड उघडलं. मोठे घड्याळाकडे बघत होते.

"आता," ते म्हणाले. छोट्यांनी घाईने हात घातला. "फडकं घे, भाजशील." छोट्यांनी फडकं घेतलं, ट्रे फिरवला. मोठ्यांनी वाकून पाहिलं आणि ठीक आहे अशी मान हलवली, कुणाही नवख्याला हलवावी तशी.

यादीवर छोट्यांची सही घेतली, आपली प्रत चार घड्या करून खिशात ठेवली, किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. दाराशी थांबून पायपुसणं सरळ केलं आणि गेले.

बसथांबा समोरच होता. बस लवकर आली नाही. मोठे खांबाला टेकून उभे होते, चिरा पडलेले हात काखेत धरून. छोटे काचेच्या आत उभे होते. रस्ता ओलांडायला वीस पावलं लागली असती. मागे मशीन ओरडलं, म्हणून ते वळले, ट्रे काढले. पाव छान आले होते, डावीकडचेही. पुन्हा काचेशी आले तेव्हा थांब्यावर एक बाई पिशवी घेऊन उभी होती, आणि बस वळण घेऊन दिसेनाशी होत होती.